लेमीवर एकाच नावाच्या दोन-तीन कम्युनिटी दिसतात, त्या एकच असतात का?

नाही. लेमी हे रेडिटसारखं चर्चेचं व्यासपीठ, पण एकमेकांना जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारं; कम्युनिटी म्हणजे त्यावरचा एका विषयाचा गट. नाव सारखं असलं तरी पत्ता वेगळा असतो. लेमीवर पूर्ण पत्ता असा लिहितात: उद्गारचिन्ह, कम्युनिटीचं नाव, ॲटचं चिन्ह आणि मग सर्व्हरचं डोमेन. नाव फक्त त्या सर्व्हरपुरतं एकमेव असावं लागतं. त्यामुळे दोन सर्व्हरवरच्या ‘टेक्नॉलॉजी’चे सदस्य, मॉडरेटर, नियम सगळं वेगळं. आपोआप काही एकत्र होत नाही.

सर्च बॉक्समध्ये पूर्ण पत्ता टाकून शोधा. तुमच्या सर्व्हरवरून आधी कुणीच ती सबस्क्राइब केली नसेल तर पान जवळजवळ रिकामं दिसेल: थोड्या जुन्या पोस्ट, कमेंट बहुधा नाहीतच. कम्युनिटी मेली असं समजू नका. तुमच्या सर्व्हरवरच्या निदान एकाने ती सबस्क्राइब केली की नव्या पोस्ट यायला लागतात. तुमच्याकडचं चित्र असं अपुरं असू शकतं, म्हणून सदस्यसंख्या मूळ सर्व्हरवर, म्हणजे कम्युनिटी जिथे तयार झाली तिथे जाऊनच बघावी. सबस्क्राइब केल्यावर ते ‘पेंडिंग’वर अडकलं तर सबस्क्रिप्शन काढून पुन्हा करा.

दोन्ही सबस्क्राइब करायला काहीच हरकत नाही. तीच बातमी दोनदा दिसेल, एवढंच. लिंक तंतोतंत सारखी असेल तर लेमी त्या पोस्ट क्रॉसपोस्ट (एकाहून जास्त कम्युनिटींत टाकलेली तीच पोस्ट) म्हणून जोडून दाखवतं. एकाने मोबाइल आवृत्तीची लिंक टाकली की ही जोडणी फसते. पाइफेड या लेमीसारख्याच, लेमीशी जोडलेल्या व्यासपीठावर अशा कम्युनिटी एका फीडमध्ये गोळा करता येतात.

निवडताना मूळ सर्व्हर किती टिकाऊ आहे ते आधी बघा. तो बंद पडला तर जुनी प्रत तुमच्याकडे राहते, पण नवं लिहिलेलं इतर सर्व्हरपर्यंत पोचत नाही.