फ्लॅटमध्ये राहून बागेचा आनंद खरंच मिळतो, की ती नुसती मनाची समजूत? पश्चिमेच्या चार बाय दहाच्या गॅलरीत काय लावावं?

दुसरा प्रश्न सोपा आहे, त्याचं नंतर बघू. पहिल्यातलं 'मनाची समजूत' वाचलं आणि भाजी निवडायची बाजूला ठेवून लिहायला बसले. हेच शब्द मी आमच्याच घरात ऐकलेत, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या तोंडून.

आमचं मूळ घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. तिथला पाऊस ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. घरामागं मोठं परस. केळी, सुपारी, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू, आणि कढीपत्त्याचं झाड पार कौलांच्या वर गेलेलं. वाटणी झाली तेव्हा घर आणि परस थोरल्यांकडं गेलं, आमच्या वाट्याला रक्कम आली. यांची नोकरी बेळगावात, पोरांच्या शाळा बेळगावात, म्हणून टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सगळं रीतीनं झालं, भांडण नाही, तंटा नाही. फक्त निघताना अक्का म्हणाल्या, "मातीची हौस तुला, आणि माती आली माझ्या वाट्याला. आता कर की गं कुंडीत शेती." सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य जे रुतून बसलं ते बसलंच.

पुढं त्या कधी आल्या की गॅलरीच्या दारात उभ्या राहून एक नजर टाकायच्या. "मनाची समजूत गं ही. तेरड्याचा रंग तीन दिवस." झालं, पदर सावरून आत. यांना सांगितलं तर हे म्हणणार, मोठ्या आहेत, सोडून दे.

मग त्यांचा मोतिबिंदू पिकला. भाताची लावणी आटोपल्याशिवाय डोळ्याचं बघणार नाही हा त्यांचा हट्ट, त्यामुळे ऑपरेशन पडलं श्रावणात आणि मुक्काम पडला आमच्याकडं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, मातीत हात घालायचा नाही. काळा चष्मा लावून दिवसभर बसायचं तरी कुठं? टीव्ही बघायला मनाई. शेवटी गॅलरीत खुर्ची टाकून दिली. सगळी माती ज्यांच्या वाट्याला आली त्या अक्का माझ्या कुंड्यांसमोर हात बांधून बसलेल्या! मला त्याचं सुख झालं नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल.

चार दिवस गेले आणि सकाळी चहा घेऊन गेले, तर बाई खुर्ची पुढं ओढून कढीपत्त्याच्या कुंडीत डोकं घालून बसलेल्या. म्हटलं, "अक्का, डोळ्याला ताण नको."

"थांब गं. ही बघ काय खाऊलीय."

कढीपत्त्यावरची अळी. ज्यांच्याकडं हे झाड आहे त्यांना ती ठाऊक असते. लहान असते तेव्हा पानावर पाखराची शीट पडावी तशी, तपकिरी-पांढरी, ओलसर. अळी आहे हे कळतसुद्धा नाही. कात टाकत टाकत मोठी होते आणि एके दिवशी एकदम हिरवीगार, मागं तिरका पट्टा. बोट लावलं की डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पान खायची तिची तऱ्हा बघण्यासारखी आहे. कडेला बसून वरून खाली दाताखाली घेत जाते, पुन्हा वर, पुन्हा खाली, मधली शीर तेवढी राहते.

माझी रीत अशी, की अळी चिमटीत धरायची आणि खालच्या रिकाम्या प्लॉटमधल्या झुडपावर टाकून यायची. कुंडीतलं झाड ते, तीन-चार अळ्यांत भुंडं होतं. त्या दिवशी हात पुढं केला तर अक्कांनी मनगटच धरलं. "राहू दे. दोन पानं खाईना बिचारी." ज्या बाईने जन्मभर अळवावर राख आणि वांग्यांवर औषध मारलं, ती म्हणतेय बिचारी.

पुढं अळीने खाणं सोडलं, कुंडीवरून उतरली, ग्रिलच्या गजावर चढली. शेपटाशी आणि कमरेशी रेशमाचा धागा घेऊन तिने स्वतःला बांधून घेतलं. त्याचा कोष झाला, वाळक्या पानासारखा. अक्कांचं रोजचं काम ठरलं: तोंड धुतलं की कोष बघायचा. कामवाली ग्रिल पुसायला आली तर तिला खुर्चीवरूनच हाकलायच्या. दहा-बारा दिवसांनी सकाळी कोष काळसर दिसायला लागला आणि मग त्यातून ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं. काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. पंख वाळेपर्यंत ते तिथंच लटकून होतं, आणि अक्कांचा चहा निवला.

"आमच्या परसात एवढं मोठं झाड गं," म्हणाल्या, "पण हे असलं कधी बघितलं नाही."

बघणार कसं? त्यांचं झाड कौलांच्या वर. फांदी वाकवायची, ओरबाडायची, फोडणीला न्यायची. पंधरा माणसांच्या घरात झाडाकडं टक लावून बसायला कुणाला सवड होती? सासूबाईंनी हाक मारली असती. माझं झाड माझ्या छातीपर्यंत, खुर्चीपासून हातभर लांब. नवीन पालवी कुठल्या फाट्याला येतेय, मुंग्या कुठून चढतायत, म्हणजे मावा (रस शोषणारी बारीक कीड) कुठं लागलाय, हे मला दात घासता घासता दिसतं. आता सांगा, हिला समजूत म्हणायचं?

गावी गेल्यावर अक्कांनी काय सांगितलं असेल? "तिच्याकडं काय, कुंडीत दोन काड्या." मला पुतणीकडून कळलं. असो.

तुमच्या प्रश्नाकडं येते. भाजीची बाग करा म्हणून जे सांगतात त्यांचं निदान बेळगावात तरी ऐकू नका. इथून रोज गाड्या भरून भाजी गोव्याला जाते. त्या गावात गॅलरीत टोमॅटो लावून दोन तोळ्यांचे तीन टोमॅटो काढायचे आणि फोटो टाकायचे, हे मला पटत नाही. कोथिंबीर तर नकोच. जे बाजारात धड मिळत नाही ते लावा: मायाळूचा वेल, ओव्याचं पान, गवती चहा, पुदिना. आणि फुलं. अबोली लावाच, वेणीपुरती मिळतात. तिच्या मुळाशी पाणी मात्र साचू देऊ नका, लगेच कुजते. नर्सरीतला फुलांनी लगडलेला गुलाब घरी आणला की दीड महिन्यात काटे उरतात. व्हर्टिकल गार्डन हॉटेलवाल्यांनी करावं.

शेवंतीचं एक सांगते, कारण यावरून आमच्या बिल्डिंगमध्ये वाद झालाय. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते. दिवाळीच्या आधी कमिटीने पार्किंगवर मोठा दिवा बसवला, त्याचा झोत थेट माझ्या गॅलरीच्या अर्ध्या भागात. त्या बाजूच्या शेवंतीला नुसती पानं, अंधारातल्या कुंडीला फुलंच फुलं. एकाच रोपाच्या फुटव्यांच्या दोन्ही कुंड्या. मीटिंगमध्ये दिव्याला झाकण लावा म्हटलं तर सगळे माझ्याकडं वेड्यासारखे बघायला लागले. वर चेअरमन म्हणाले, तुमच्या कुंड्यांनी स्लॅब खचेल. आमच्या ह्यांनी आयुष्य बांधकामावर घालवलंय, त्यांनी तिथंच हिशोब मांडला. गॅलरीला चौरस मीटरमागं साधारण 300 किलो भार धरून डिझाइन करतात, आणि 12 इंची कुंडी ओल्या मातीसकट पंचवीस किलोच्या आसपास. कडेनं एक रांग ठेवली तर काही होत नाही. दिवा मात्र अजून तसाच आहे. मी शेवंतीवर संध्याकाळी जुनं पोतं टाकते.

माती आपल्याकडची तांबडी घ्या, पण नुसती भरू नका, दोन पावसांत विटेसारखी घट्ट होते. निम्मी माती, बाकी शेणखत आणि भाताचं तूस. कुठल्याही राइस मिलवर तूस पोत्यानं मिळतं, कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पैसे घालवायची गरज नाही. कुंड्या खानापूरच्या मातीच्या. प्लॅस्टिकच्या कुंडीत आपल्या पावसात मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात मातीची कुंडी लवकर वाळते हे खरं, तेव्हा वरून पालापाचोळा पसरा. पाण्याचं म्हणाल तर गावातल्या काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास नळ आहे. आमच्याकडं तशी चैन नाही, म्हणून तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत साठतं आणि तेच झाडांना जातं. कढीपत्त्याला आंबट ताक घाला म्हणतात. आमच्या घरात ताक उरतच नाही.

आता तुमची पश्चिम. पावसाळ्यात वारा तिकडूनच झोडपणार, मार्च ते मे दुपारचं ऊन भाजून काढणार. तिथं नाजूक काही टिकत नाही. बोगनवेल, सदाफुली, चिनी गुलाब, कोरफड, गवती चहा, एवढ्यावर समाधान माना. मायाळूचा वेल ग्रिलवर चढवला तर मागच्या कुंड्यांना सावली होईल. अबोली आणि शेवंतीचं मी वर लिहिलं ते पूर्वेच्या गॅलरीच्या जिवावर लिहिलंय. तुमच्याकडं पूर्वेला एखादी खिडकी असेल तर तिथं ठेवून बघा.

आणि हो, कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, कितीही छान दिसली तरी. इकडचा वारा कुणाची वाट बघत नाही. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका, डेंगीचे डास त्यातच होतात. कढीपत्त्याची अळी ठेवायची असेल तर एकच ठेवा, बाकीच्या उचला, नाहीतर फोडणीला काडी राहील. खालच्या मजल्यावर ओघळ जाणारच, तो कुणाला चुकलेला नाही. आमच्या खालच्या काकूंना पुदिना लागतो. दर आठवड्याला मूठभर नेऊन देते, त्यामुळे वाळत घातलेल्या चादरीवर चार थेंब पडले तरी त्या फक्त वर बघतात, बेल वाजवत नाहीत.