डबक्यातलं रात्रीचं प्रतिबिंब: पोलरायझर घेण्याआधी हे करून पाहा

प्रश्न असा आहे: पाऊस थांबल्यावर सीएसएमटीच्या रोषणाईचं डबक्यातलं प्रतिबिंब टिपायचंय, पण फोटोत घुमटाचा तुकडाच येतो, तोही मळकट आणि धूसर. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चमक कमी करणारा फिल्टर, घ्यावा का?

घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. तुमच्या फोटोत तीन वेगळ्या अडचणी एकत्र झाल्या आहेत.

आधी तुकड्याचं. समजा, इमारत ३० मीटर उंच आहे आणि डबकं तिच्यापासून ६० मीटरवर. तुम्ही उभे राहून, कॅमेरा दीड मीटरवर धरून पाहताय. मग शेंड्याचं प्रतिबिंब तुमच्यापासून ३ मीटरवरच्या पाण्यात पडतं. डबकं एक मीटर लांब असेल, तर त्यात वरचे जेमतेम ८ मीटर मावतात. आता कॅमेरा पाण्यापासून ५ सेंटीमीटरवर आणा. शेंडा १० सेंटीमीटरवर येतो आणि त्याच एका मीटरमध्ये खालचे ३ मीटर सोडून सगळी इमारत बसते. म्हणून मोठं डबकं शोधत हिंडण्यापेक्षा खाली बसा. फोन असेल तर उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्याला जवळजवळ टेकते.

मळकटपणाचं कारण मात्र कॅमेऱ्याची उंची नाही, आणि इथेच बहुतेक सल्ले चुकतात. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतं. पृष्ठभागाशी २७ अंशांचा कोन असेल तर सुमारे ७ टक्के, १० अंशांना साधारण ३५ टक्के. वरच्या उदाहरणात शेंड्याचा कोन २७ अंशच आहे, आणि कॅमेरा कितीही खाली नेला तरी तो फारसा बदलत नाही, कारण तो इमारतीच्या उंचीवर आणि अंतरावर ठरतो. शेंडा खऱ्यापेक्षा पावणेचार स्टॉप काळा दिसणारच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). उपाय म्हणजे मागे सरकणं. तीच इमारत १७० मीटरवरच्या डबक्यात पाहिली तर फरक दीड स्टॉपवर येतो. सीएसएमटीच्या अगदी पुढ्यातल्या डबक्यापेक्षा चौक ओलांडून पलीकडचं, सेल्फी पॉइंटच्या बाजूचं किंवा त्याहून लांबचं डबकं म्हणूनच जास्त चमकतं.

धूसरपणा फोकसचा आहे. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. इमारत जितकी लांब, तितकंच तेही लांब. पाण्यावर फोकस केला की तरंगणारी पानं आणि बसची तिकिटं स्पष्ट येतात, दिवे फुगतात. फोनमध्ये खऱ्या इमारतीवर बोट दाबून धरा, फोकस लॉक करा, मग एक्स्पोजरची पट्टी एक स्टॉप खाली ओढा. डबक्याची जवळची कडही स्पष्ट हवी असेल, तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आणि एफ ८ अ‍ॅपर्चरला फोकस सुमारे अडीच मीटरवर ठेवा. सव्वा मीटरपासून पुढचं सगळं चालण्याजोगं येतं. त्याहून जवळची कड धूसर राहू द्या, बिघडत नाही.

आता पोलरायझर. पृष्ठभागाशी ३७ अंशांच्या आसपास तो प्रतिबिंब जवळजवळ पुसूनच टाकतो. तिथून पाव फेरा फिरवला तर थेट प्रकाश निम्मा होतो आणि प्रतिबिंब टिकतं, म्हणजे एका स्टॉपच्या आसपास फायदा. पण काच एकूण दीड ते दोन स्टॉप खाते. ट्रायपॉड नसेल तर हा सौदा तोट्याचा. यूव्ही फिल्टरही काढा. दिव्यांची भुतं, म्हणजे फिकट जादा प्रतिमा, बहुधा त्याच्याचमुळे उमटतात.

सेटिंग: हातात धरून एफ २.८, १/५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ते १६००. एलईडीच्या पाट्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येत असतील तर १/५० किंवा १/१०० वरच राहा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रायपॉडवर एफ ८, आयएसओ १००, दोन ते चार सेकंद. पण वारा असेल तर प्रतिबिंबाचा रंगीत चिखल होतो. मरीन ड्राइव्हला हा त्रास जास्त. तिथे कठड्याच्या किंवा दुभाजकाच्या आडोशाचं पाणी बघा. फोनचा नाइट मोडही दोन-तीन सेकंदांत घेतलेल्या अनेक फ्रेम जोडतो, त्यामुळे तरंग असताना तो बंद ठेवलेला बरा.

डबकं निवडताना तळ पाहा. जुनं डांबर सर्वांत चांगलं: काळं असतं, खालून उजेड परत येत नाही. काँक्रीटच्या नव्या रस्त्यांवर आडव्या खाचा असतात. पाणी त्यांच्या वर चढलेलं नसेल तर प्रतिबिंब चिरफाळतं. खडी पूर्ण बुडाली की दोन-तीन मिलिमीटर पाणीही पुरतं. नुसत्या ओल्या रस्त्यावर आरसा मिळत नाही, दिव्यांचे उभे ओघळ मिळतात. तेही सुंदर असतात, पण तो वेगळा फोटो.

वेळ म्हणाल, तर जुलैत मुंबईत सूर्य ७:२० च्या सुमारास मावळतो. पावणेआठपर्यंत आकाशात निळा रंग उरतो आणि दिवेही लागलेले असतात. त्यानंतर डबक्याची रिकामी जागा काळी ठिक्कर येते.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढू नका. लेन्सवर बाष्प धरतं. बॅग बंद ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात गुडघे टेकू नका, लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका खरा आहे. विजेच्या खांबाशेजारचं आणि तळ न दिसणारं पाणी सोडून द्या. वाहत्या चौकात खाली बसताना कुणीतरी सोबत उभं हवं.

शेवटी एडिटिंग. प्रतिबिंब खऱ्या दिव्यांपेक्षा उजळ केलं की फोटो खोटा वाटतो. दोघांत अर्धा स्टॉप तरी फरक ठेवा. नुसतं प्रतिबिंब सुलट करून दाखवायचं असेल तर १८० अंश फिरवू नका, पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतात. फ्लिप व्हर्टिकल वापरा, अक्षरं नीट वाचता येतात.