रोमन नाण्यांवरचा देव: देऊळ, पालखी की रथ?

प्रश्न असा आला आहे: रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या शहरांनी पाडलेल्या नाण्यांवर देवांच्या मिरवणुका दिसतात. त्यांचं वर्णन करताना 'पालखी', 'रथ', 'यात्रा' हे आपले शब्द चालतील का?

'यात्रा' नको. यात्रेत माणसं देवाकडे जातात. इथे देव गावात निघालेला असतो. ग्रीक शब्द 'पोंपे', मूळ अर्थ पाठवणं, सोबत करून नेणं. त्याला 'मिरवणूक' हाच शब्द शोभतो.

'पालखी'साठी मात्र नाणं बारकाईने बघावं लागतं. ट्रेबोनियानस गॅलसच्या काळातलं (इ. स. २५१ ते २५३) अँटिओक या प्राचीन सीरियातल्या शहराचं ब्राँझचं नाणं घ्या. चार खांब, वर छत, आत खडकावर बसलेली नगरदेवता टायकी, तिच्या पायाशी पोहणारा ओरोंटीस हा नदीदेव, छताच्या वर उडी घेणारा मेंढा. पहिल्या नजरेत कुणीही 'देऊळ' असंच लिहील. पण जोत्यापाशी बघा, दांड्यांची टोकं बाहेर आलेली दिसतील. देवळाला दांड्या कशाला? हे खांद्यावर घेऊन निघायचं आहे. पालखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वर वाकलेली दांडी येते, ती इथे नाही. म्हणून नाण्यांच्या यादीत मी 'खांद्यावरचा देव्हारा' लिहीन. सलग लेखनात खुशाल 'पालखी' म्हणा. आजच्या लेबनॉनमधल्या बालबेकच्या देवाबद्दल मॅक्रोबियस हा रोमन लेखक लिहितो की प्रांतातले मानकरी डोकं भादरून, व्रत पाळून देवाची मूर्ती खांद्यावर वाहत, आणि ते स्वतःच्या मर्जीने चालत नसत, देव ढकलेल तिकडे जात. शिमग्यात पालखी नाचताना पाहिलेल्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगावं लागणार नाही.

लेबनॉनच्याच किनाऱ्यावरच्या सिडोन शहराच्या नाण्यांवर अस्टार्टे देवीचं वाहन आहे: खाली चाकं, वर चार खांबांचा मंडप, छतातून पुढे आलेल्या डहाळ्या, आणि आत मूर्ती नाही, तर गोल पवित्र शिळा. हा सरळ रथ.

सीरियातल्या एमेसा शहराच्या एलागबाल देवाचाही रथच, पण तो निराळा. या देवाची मूर्ती म्हणजे एक शंकूसारखी शिळा. या देवाचा पुजारी इ. स. २१८ मध्ये रोमचा सम्राट झाला आणि देवाच्याच नावाने ओळखला गेला. ऐलिया कॅपिटोलिना, म्हणजे रोमन काळातलं जेरुसलेम, इथल्या नाण्यावर चार घोड्यांच्या रथात ही शिळा आहे, त्यावर गरुड. रथात सारथी नाही. त्या काळचा इतिहासकार हेरोडियन याने कारण सांगितलं आहे: त्या रथात माणसाने चढायचं नसे, लगाम देवाभोवती असत, जणू तोच रथ हाकतो आहे. सम्राट देवाकडे तोंड करून, रथापुढे उलटा धावत जाई. हेरोडियन सहा पांढरे घोडे सांगतो, नाण्यावर चार आहेत. तेव्हा वर्णनात जे दिसतं तेच लिहावं. 'सारथ्याविना चार घोड्यांचा रथ' हे शब्द पुरेसे आहेत.

याच सम्राटाच्या शाही चांदीच्या नाण्यांवर रथाभोवती चार छत्र्या आहेत. त्यांना 'अब्दागिरी' म्हणायचा मोह होतो, कारण तो शब्द फारसी 'आफ्ताब', म्हणजे सूर्य, यावरून आला आहे आणि रोममध्ये हा देव सूर्य म्हणूनच पुजला गेला. पण अब्दागिरी म्हणजे काठीवरचा चपटा, पानाच्या आकाराचा आडोसा. नाण्यावर उघडलेल्या गोल छत्र्या आहेत, म्हणून 'छत्र' लिहावं.