पानावरचा आडवा हात

प्रिय चिऊ,

ठाण्याहून परतताना विमानतळावरून तू पाठवलेला प्रश्न मी त्या दिवशी हसण्यावारी नेला, पण तो अजून बोचतो आहे. "माझ्या मैत्रिणीने तीनदा नको म्हटलं, तरी माईआजीने तिच्या ताटात पोळी वाढलीच. समोरचा नको म्हणाला की थांबायचं, हे मला तूच शिकवलंस ना?" हो, मीच शिकवले.

तुझ्या मैत्रिणीला काय वाटले असेल, याची मला थोडी कल्पना आहे. इथे नेदरलँड्समध्ये, युट्रेक्टला आले त्या वर्षी शेजारच्या बाईंनी कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे केला, मी रीतीप्रमाणे "नको" म्हटले आणि डब्याला झाकण लागले. नौपाड्यात ते झाकण लागायला निदान तीन नकार लागले असते. पहिला नकार निव्वळ शिष्टाचाराचा, दुसरा यजमान मनापासून विचारतो आहे ना हे पाहण्याचा, आणि तिसरा, पानावर हात आडवा धरून दिलेला, तेवढा खरा. तुझ्या मैत्रिणीने हात मांडीवर ठेवून तोंडाने नको म्हटले असणार, आणि माईला ते ऐकूच आले नसणार.

आमच्या दोन खोल्यांच्या घरी नानांचे कर्जतचे मामा यायचे ते नेमके महिनाअखेरीला आणि न कळवता, कारण फोनच नव्हता. दारातच ते "मी जेवून निघालोय" असे सांगत, आणि ते खोटे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असे. एकदा ते जेवत असताना मी आत पाणी प्यायला गेले, तर पोळ्यांचा डबा उघडा होता आणि तळाच्या फडक्यावर एकच पोळी उरली होती. माई अजून जेवायची होती. बाहेर मात्र ती म्हणत होती, "अहो, आत ढीगभर आहेत, संकोच करू नका." ती आत आली, त्याच पोळीवर तूप फिरवून ती बाहेर घेऊन गेली. मामांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि म्हणाले, "सूनबाई, आता घेतली तर मला उठवायला माणूस लागेल." पोळी परत आली. त्यातली अर्धी माईने मला दिली, आणि मी ती खाल्ली, हे आता लिहितानाही बरे वाटत नाही.

मामांना डबा दिसत नव्हता, पण त्यात काय उरले असेल हे त्यांना पक्के ठाऊक होते. 1965 साली शास्त्रीजींच्या सांगण्यावरून सोमवारी रात्री चूल न पेटवलेली आणि 1972 च्या दुष्काळात रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या खाल्लेली ती माणसे होती. पाहुण्याने नको म्हणायचे ते यजमानाचा डबा सांभाळण्यासाठी आणि यजमानाने आग्रह करायचा तो पाहुण्याला आपण जड झालो असे वाटू नये म्हणून. "संपल्या" हा शब्द तर पाहुण्यासमोर उच्चारायचाच नाही.

आता माईचा डबा भरलेला असतो, तरी आग्रह तेवढाच आहे, आणि त्याचे समर्थन मला पूर्वीइतके जमत नाही. बेबीआत्याला मधुमेह होता. लग्नाच्या पंगतीत "एकीने काय होतंय" म्हणत तिच्या पानात जिलेबी पडायची आणि ती भाताखाली लपवताना मी तिला पाहिले आहे. त्याहून अवघड म्हणजे, बाईमाणसाचे नको हे खरे नसतेच, असे धरून चालण्याची सवय पंगतीपुरतीच राहते का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तू हे इतक्या थेट विचारले नसतेस, पण प्रश्न त्याच वाटेने आला असावा.

पुढच्या वेळी मैत्रिणीला आडवा हात शिकव, असे सुचवणार होते, पण शिकायचे पाहुणीनेच का, हेही तू विचारशील. म्हणून काल माईलाच फोन करून तुझा प्रश्न सांगितला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं, नाही वाढणार. पण त्या पोरीचं पोट भरलं होतं का?" मला उत्तर देता आले नाही. तुला माहीत असेल तर आजीला कळव.

तुझी,
आई