सांगलीत दीड दिवस: कोल्हापूर राहू द्या, मिरजेला जा

डिसेंबरात लग्नाला सांगलीत येताय, हाताशी दीड दिवस आहे, सोबत नाट्यसंगीताचे शौकीन आईवडील आहेत आणि विचारताय की इथे बघण्यासारखं काही आहे का, की सरळ कोल्हापूर गाठावं. कोल्हापूर पुढच्या खेपेला. नुसतं बघायचं तर सांगली दोन तासांत आटपते, हे मी सांगलीकर असूनही कबूल करतो. पण कान असलेल्या माणसांना दीड दिवस पुरणार नाही.

पहिली सकाळ मिरजेला द्या. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे; एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे दुकानात टांगलेले दिसतील. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. कुणी जवारी काढत, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासत बसलेलं दिसलं, तर तिथून हलू नका. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस जेमतेम फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो आणि एका जागी आल्यावर तोच बोदा आवाज एकदम गुंजायला लागतो. विकत घ्यायचं नसेल तर आधीच सांगा, म्हणजे त्यांचाही खोळंबा होत नाही.

तिथूनच मीरासाहेबांच्या दर्ग्यात जा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले, त्यांची कबर इथेच आहे. गायिका हिराबाई बडोदेकर त्यांची कन्या, हे आईला सांगायची गरज पडणार नाही!

संध्याकाळी सांगलीत. गणपती मंदिर कृष्णेच्या काठालाच आहे, पटवर्धन संस्थानिकांचं. त्यांतल्याच चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्यावरूनच. भावे नाट्यमंदिरात तुम्ही असाल त्या संध्याकाळी प्रयोग असेल तर तिकिटं काढाच. आयर्विन पुलावरून चक्कर मारा. पावसाळ्यात आम्ही ‘आयर्विनला किती फूट?’ एवढंच विचारतो. 45 फूट ही धोक्याची पातळी, आणि 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पुलावर उभं राहून खाली बघितलं की हा आकडा डोक्यात शिरतो.

वेळ उरला तर हरिपूर. रिक्षानं जाता येतं. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि ‘शारदा’ नाटकवाल्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. हळद साठवायची जमिनीखालची पेवं इथलीच. 2005 च्या पुराचं पाणी त्यांत शिरलं आणि पुष्कळ हळद गेली.

खाण्याचं म्हणाल तर तांबडा-पांढरा इथेही मिळतो, पण डिसेंबरात कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारीची भाकरी सोडून मटण मागणाऱ्याला मी तरी नावं ठेवीन. खानावळ साधी बघा, टेबलावर खर्डा आणि कच्चा कांदा असला म्हणजे झालं. भडंग गाडीत खायला घ्या, लसूण जास्त असलेला.

उरलेला अर्धा दिवस नरसोबाच्या वाडीला. वीसेक किलोमीटर आहे. दत्तदर्शन झालं की बासुंदी तिथेच प्या, रात्रीच्या प्रवासात ती टिकत नाही. घरच्यांसाठी कवठाची बर्फी बांधून घ्या.