निपाणीची लाइन गेली की बेळगावचं काउंटर ठप्प

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेचा मुख्य सर्व्हर बेळगावात, त्याची प्रत निपाणी शाखेत. दोन्हीकडे पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस. एकही नोंद हरवू नये म्हणून रेप्लिकेशन, म्हणजे नोंदी प्रतीकडे पाठवणं, सिंक्रोनस केलं. आता निपाणीची लाइन गेली की इथं पावती निघत नाही, सभासद ताटकळतात. असिंक्रोनस, म्हणजे निपाणीची वाट न बघणारं, करून टाकू का?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : नको, घाई करू नका. लोकांच्या ठेवींचा मामला आहे. निपाणीहून 'लिहून घेतलं' असा निरोप आल्याशिवाय कमिट, म्हणजे नोंद पक्की होणं, पुरं होत नाही, आणि निरोप देणारा एकटाच आहे. बेळगावातच, पण दुसऱ्या इमारतीत, आणखी एक स्टँडबाय, म्हणजे प्रत ठेवणारा सर्व्हर, उभा करा. मग 'सिंक्रोनस स्टँडबाय नेम्स' या सेटिंगमध्ये 'एनी १' (कुणीही एक) लिहून दोघांची नावं द्या. कुणाही एकाचा होकार आला की पावती निघेल.

मला खरी धास्ती तुमच्या रेप्लिकेशन स्लॉटची वाटते. स्टँडबायला अजून न पोचलेले बदल मुख्य सर्व्हरवर राखून ठेवतो तो स्लॉट. खानापूर भागातल्या एका दूध डेअरीचा सर्व्हर मी सांभाळत होते. ऐन पावसात झाड पडून केबल तुटली, स्टँडबाय पाच दिवस बंद. स्लॉट मात्र त्याच्यासाठी १६-१६ एमबीच्या वॉल फायली, म्हणजे प्रत्येक बदलाची रोजनिशी, राखत बसला. सहाव्या दिवशी पहाटे डिस्क भरली आणि मुख्य सर्व्हरच बसला. दारात किटल्यांची रांग. मी वहीत रेघा ओढून लिटर आणि फॅट हातानं लिहून घेतलं. 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' ही सेटिंग आवृत्ती १३ पासून आहे, पण मुळात ती उणे १, म्हणजे मर्यादाच नाही. डिस्कवरची मोकळी जागा बघून तिथं आकडा घालाच. मर्यादा ओलांडली तर स्टँडबाय नव्यानं उभा करावा लागेल, एखादी रात्र जाईल, पण काउंटर चालू राहील.

तुमच्याकडे सभासदांची नावं मराठीत आणि कन्नडमध्येही असणार. म्हणून तिन्ही मशिनवर लिनक्सची आवृत्ती एकच ठेवा. २०१८ साली ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला. एक मशीन त्याच्या आधीचं आणि दुसरं नंतरचं असेल तर इंडेक्स, म्हणजे शोधण्यासाठीची क्रमवार सूची, बिघडल्यासारखा वागतो. सभासद यादीत असतो, पण शोधला की सापडत नाही.

रात्रीचा बॅकअप वेगळा घेताय ना? चुकून केलेलं डिलीटही तिन्हीकडे लगेच पोचतं.

हे सगळं झालं की एका रविवारी निपाणीची केबल स्वतः काढा आणि बेळगावात एक पावती फाडून बघा.