लहान शहराने ठरवलं तर कोळसा, तेल, पेट्रोल खरंच सोडता येतं का?

प्रश्नात तुम्ही विचारलंय, 'कुणी करून दाखवलंय का?' पूर्ण नाही, पण बरंचसं दाखवलंय. मी राहतो ते व्हेक्शो हे दक्षिण स्वीडनमधलं लाखाच्या आतल्या वस्तीचं शहर. १९९६ मध्ये इथल्या नगरपालिकेत सगळ्या पक्षांनी एकमताने ठराव केला की, आपण जीवाश्म इंधन सोडायचं. ठराव काय, आपल्याकडेही होतात. इथे मात्र ठरावाच्या आधीच काम सुरू झालं होतं.

थंडीच्या देशात सगळ्यात जास्त इंधन खातं ते घर गरम ठेवणं. १९७३ च्या तेलसंकटात तेलाचे भाव भडकले आणि तेलावर तापणाऱ्या स्वीडनचे डोळे उघडले. व्हेक्शोभोवती जंगलच जंगल आणि लाकडाच्या वखारी. फांद्या, सालपटं, भुस्सा हा कचरा कुणालाच नको होता. १९८० पासून इथल्या सांडविक वीजघरात तो जाळायला सुरुवात झाली. त्यावर वीज होते आणि उरलेल्या उष्णतेने तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघरी फिरतं. माझ्या फ्लॅटमध्ये ना बॉयलर, ना धुराडं. भिंतीला फक्त रेडिएटर, म्हणजे ते गरम पाणी फिरणारी लोखंडी चौकट. पहिल्यांदा ढलप्यांचा ढीग पाहिला तेव्हा मला आमच्या कोल्हापूरकडचं गुऱ्हाळच आठवलं: रस काढायचा, चिपाड वाळवायचं आणि त्याच उसाचं चिपाड चुलवाणात सारून रस आटवायचा. साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे चिपाडावरच, वीज करतात तीही हीच अक्कल. इथे राख परत जंगलात नेऊन टाकतात, हे मला विशेष आवडलं.

सगळं श्रेय गावाला देऊ नका. १९९१ मध्ये देशाने कार्बन कर, म्हणजे कोळसा-तेलासारख्या इंधनांवरचा कर, लावला, तेल महागलं आणि लाकूड परवडू लागलं. तो कर नसता तर एकमत किती टिकलं असतं, मला शंका आहे.

मग लोकांनी काय केलं? पर्यावरणवाल्या संस्था सुरुवातीपासून पालिकेबरोबर बसल्या. बाकी आमच्यासारख्यांच्या वाट्याला आली कागदी पिशवी. स्वयंपाकघरातला ओला कचरा त्यात टाकायचा, त्याचा बायोगॅस होतो आणि त्यावर शहरातल्या बस धावतात. पहिल्याच हिवाळ्यात मी माशाचे काटे आणि आमटीचा उरलेला गाळ एकत्र कोंबला. दुसऱ्या मजल्यावर पिशवीचं बूड सुटलं. शेजारच्या आजी काही बोलल्या नाहीत, फक्त जुनं वर्तमानपत्र आणून दिलं, तळाशी घडी करून घालायला. तेव्हापासून मी रद्दी टाकत नाही.

आता जे जमलं नाही ते. घरं गरम करणं त्यातल्या त्यात सोपं होतं: एक वीजघर बदललं की हजारो घरं बदलतात, कुणाला सवय मोडावी लागत नाही. गाड्यांचं तसं नाही. तिथे प्रत्येक दारात जाऊन एकेकाचं मन वळवायला लागतं. लोक आसपासच्या खेड्यांत पांगलेले, बस विरळ. २०३० पर्यंत पूर्ण मुक्त व्हायचं ध्येय आहे, पण ते गाड्यांपाशीच अडेल असं माझं मत. हे शहाणपण सांगणाऱ्याची स्वतःची पेट्रोलची गाडी आत्ता खाली बर्फात उभी आहे. शनिवारी लेकीचा पोहण्याचा क्लास असतो आणि आमच्या बाजूची बस त्या दिवशी तासाला एक.